सव्वाशे मीटरांची तफावत : खानदेशचे जुने नकाशे आणि आजचे जीपीएस

वाहनांचा माग ठेवणाऱ्या कोणत्याही यंत्रणेत दोन स्वतंत्र गोष्टी एकमेकींवर ठेवलेल्या असतात. एक म्हणजे वाहनातील उपकरणाने उपग्रहांच्या संकेतांवरून काढलेले स्थान, आणि दुसरी म्हणजे त्या स्थानाखाली अंथरलेला नकाशा. या दोन्ही गोष्टी एकाच मोजपद्धतीत मांडलेल्या असतील, तरच पडद्यावरचा ठिपका रस्त्यावरून चालतो. त्या वेगळ्या असतील, तर सावद्याहून केळी घेऊन निघालेला ट्रक महामार्गावर असूनही कोणाच्या तरी शेतातून जात असल्यासारखा दिसतो. अशा वेळी दोष बहुधा उपकरणाला किंवा मोबाइलच्या जाळ्याला दिला जातो. प्रत्यक्षात मोकळ्या आकाशाखाली साधे जीपीएस उपकरणही पाच ते दहा मीटरांच्या आत स्थान सांगू शकते, तर जळगाव आणि धुळे परिसरात चुकीच्या मोजपद्धतीमुळे पडणारा फरक सुमारे सव्वाशे मीटरांचा असतो. त्याचे मूळ शोधायचे झाल्यास एकोणिसाव्या शतकातील सर्वेक्षणापर्यंत जावे लागते.

अक्षांश आणि रेखांश हे आकडे पृथ्वीवर कोठे लिहून ठेवलेले नाहीत. ते ठरवण्यासाठी आधी पृथ्वीचा एक गणिती आकार मानावा लागतो, कारण डोंगर-दऱ्यांच्या खऱ्या पृष्ठभागावर गणित मांडता येत नाही. ध्रुवांपाशी किंचित दबलेल्या या कल्पित गोलाला एलिप्सॉइड म्हणतात. हा गोल खऱ्या पृथ्वीला कोठे आणि कसा बसवायचा, त्याचे केंद्र कोठे धरायचे आणि मोजणीची सुरुवात कोणत्या ठिकाणापासून मानायची, या सगळ्या करारांना मिळून ‘डेटम’ अशी संज्ञा आहे. डेटम बदलला की तेच झाड, तीच विहीर आणि तोच मैलाचा दगड जागचा न हलता वेगळे अक्षांश-रेखांश धारण करतो. म्हणून डेटमचे नाव सोबत नसलेली आकड्यांची जोडी अपुरी माहिती ठरते, ही गोष्ट सर्वेक्षकांना पूर्वीपासून ठाऊक होती. संगणकावर नकाशे करू लागलेल्या पिढीला मात्र ती नव्याने शिकावी लागली.

भारतातील जुन्या नकाशांचा डेटम हा महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा वारसा आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून या कामाला आरंभ केला, आणि ७८ अंश रेखांशाच्या आसपास दक्षिणोत्तर त्रिकोणांची साखळी रचत तो विदर्भापर्यंत आला. १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याच्यानंतर सूत्रे हाती घेतलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने या मोजणीच्या आधारे पृथ्वीच्या आकाराचे आकडे काढले, आणि १८३० चा तो एलिप्सॉइड त्याच्याच नावाने ओळखला जातो. मध्य प्रदेशातील सिरोंजजवळचे कल्याणपूर हे या पद्धतीचे मूळ स्थान ठरले. तेथे खगोलीय वेधांनी मिळालेले अक्षांश-रेखांश प्रमाण मानून त्रिकोणांच्या साह्याने देशभरातील ठिकाणांचे आकडे काढले गेले, आणि खानदेशचे नकाशेही त्याच हिशेबात बसवले गेले.

या पद्धतीतील अडचण अशी होती की खगोलीय वेध घेताना ‘उभी दिशा’ ओळंब्यावरून ठरते, आणि ओळंबा जवळच्या डोंगरांकडे किंवा जमिनीखालच्या जड खडकांकडे अत्यल्प प्रमाणात झुकतो. वऱ्हाडातील एका वेधस्थानी उत्तरेकडच्या डोंगरांचे आकर्षण वेध बिघडवत असल्याचा प्रश्न एव्हरेस्टला स्वतःलाच सोडवावा लागला होता. त्यामुळे एखाद्या ठिकाणी वेध घेऊन बसवलेला गोल त्या प्रदेशाशी उत्तम जुळला, तरी त्याचे केंद्र पृथ्वीच्या खऱ्या केंद्राशी जुळेलच असे नसते. हे केवळ भारतातच घडले असेही नाही. ज्या ग्रिनिच वेधशाळेतून शून्य रेखांश जातो असे शाळेत शिकवले जाते, तेथील पितळी पट्टीवर उभे राहिलेल्या पर्यटकाचे जीपीएस शून्य दाखवत नाही. उपग्रहांचे शून्य रेखावृत्त त्या पट्टीच्या १०२ मीटर पूर्वेकडून जाते, आणि त्याचे मुख्य कारण हाच ओळंब्याचा झुकाव आहे.

जीपीएसचा डेटम डब्ल्यूजीएस-८४ या नावाचा असून त्याचा गोल पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्रावर बसवलेला आहे, कारण उपग्रह त्याच केंद्राभोवती फिरतात. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर आहे. एव्हरेस्टच्या गोलाची त्रिज्या, भारतासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित मूल्यानुसार, ६३,७७,३०१ मीटर भरते. म्हणजे तो सुमारे ८३६ मीटरांनी लहान आहे. त्याचे केंद्रही पृथ्वीच्या केंद्रापासून जवळपास ८३० मीटर दूर आहे. एवढी तफावत असताना हे नकाशे दीडशे वर्षे कामाचे कसे ठरले, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मोठे रंजक आहे: केंद्राचे हे सरकणे जवळजवळ नेमके भारताच्या दिशेने झालेले आहे, त्यामुळे लहान गोल भारताच्या बाजूला उचलून धरल्यासारखा होतो आणि खानदेशच्या परिसरात दोन्ही पृष्ठभागांच्या उंचीत अवघ्या काही मीटरांचा फरक उरतो. एव्हरेस्टने जगाचा नव्हे, तर भारताचा गोल बसवला होता, आणि तो त्याने चांगला बसवला होता.

उरतो तो आडवा फरक. भारत आणि नेपाळसाठी प्रसिद्ध झालेल्या सरासरी रूपांतर-मूल्यांनी गणित केल्यास जळगावजवळ जुन्या पद्धतीचा अक्षांश जीपीएसच्या अक्षांशापेक्षा सुमारे २.६ सेकंदांनी कमी, तर रेखांश सुमारे ३.५ सेकंदांनी जास्त येतो. सेकंद म्हणजे अंशाचा तीन हजार सहाशेवा भाग. मीटरांत सांगायचे तर हे अंतर दक्षिणेकडे ८० आणि पूर्वेकडे १०० मीटर भरते. धुळ्याजवळ पूर्वेकडचे अंतर ९० मीटरांच्या आसपास असते. ही मूल्ये सरासरी असल्यामुळे त्यांत दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे होऊ शकतात, परंतु दिशा पक्की आहे: जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सर्वेक्षण विभागाच्या छापील नकाशा-पत्रकावरून, वाचलेले आकडे जसेच्या तसे आजच्या संगणकीय नकाशात भरले, तर ठिकाण त्याच्या खऱ्या जागेपासून आग्नेयेकडे सव्वाशे मीटरांवर जाऊन पडते.

एकाहून पन्नास हजार प्रमाणाच्या टोपोशीटवर सव्वाशे मीटर म्हणजे केवळ अडीच मिलिमीटर, आणि पायी किंवा गाडीने हिंडणाऱ्याला त्याने काहीच बिघडत नसे. शिवाय अमेरिकेने नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत हेतुपुरस्सर मिसळलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकेपर्यंत उपकरणांची स्वतःचीच चूक शंभर मीटरांपर्यंत जात असे, आणि त्या गोंधळात डेटमची तफावत झाकून जाई. संकेत स्वच्छ झाले आणि जुनी तफावत उघडी पडली. आज तिचे परिणाम व्यवहारात उतरतात, कारण नवीन सार्वजनिक प्रवासी वाहनांना १ जानेवारी २०१९ पासून स्थानदर्शक उपकरण बसवण्याचा नियम झाला आणि वाळू-मुरमासारखे गौण खनिज वाहून नेणाऱ्या वाहनांवरही राज्यात जीपीएसची नजर आली. या यंत्रणांत जिओफेन्स, म्हणजे नकाशावर आखलेले अदृश्य कुंपण, वापरले जाते. समजा, एखाद्या बस आगाराभोवती शंभर मीटर त्रिज्येचे कुंपण आखले आणि आगाराचे स्थान जुन्या नकाशावरून रूपांतर न करता घेतले, तर फलाटावर उभी असलेली बससुद्धा आगाराबाहेर नोंदली जाईल. गिरणेच्या पात्रातील वाळूगटाची हद्द अशा रीतीने सरकली, तर परवानगीच्या जागेत उभे असलेले वाहन दोषी आणि हद्दीबाहेरचे निर्दोष ठरू शकते. येथे तांत्रिक वाटणारी चूक थेट दंडाच्या पावतीपर्यंत पोहोचते.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर दोन मालिकांत विभागले गेले. सर्वसामान्यांसाठीची खुली मालिका डब्ल्यूजीएस-८४ वर आणि यूटीएम प्रक्षेपणात (गोल पृष्ठभाग सपाट कागदावर उतरवण्याच्या एका रीतीत) काढली जाते. जुन्या मालिकेत धुळे शहर ४६ एल/१३ या पत्रकावर, तर जळगाव शहराचा मुख्य भाग ४६ ओ/१२ वर येतो, आणि ही पत्रके एव्हरेस्टच्या पद्धतीतील व बहुशंकू प्रक्षेपणातील आहेत. नव्या मालिकेत दोन्ही जिल्हे एफ-४३ या गटात मोडतात. ग्रंथालयांत, महाविद्यालयांच्या भूगोल विभागांत आणि सरकारी कपाटांत आजही जुनी पत्रकेच अधिक सापडतात. पत्रकाचा क्रमांक ४६ ने सुरू होत असेल, तर रूपांतराची गरज आहे असे गृहीत धरणे शहाणपणाचे ठरते.

यूटीएम ही पद्धत थोडी उलगडून पाहणे आवश्यक आहे, कारण खानदेशाचे त्यात एक वेगळेच स्थान आहे. या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे ६० उभे पट्टे केलेले असून प्रत्येक पट्टा स्वतंत्रपणे सपाट केला जातो आणि स्थान अंशांऐवजी मीटरांत सांगितले जाते. ४३ वा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा आहे आणि त्याची मध्यरेषा ७५ अंशांची, म्हणजे धुळे आणि अमळनेर यांच्या मधून जाणारी. मध्यरेषेला पूर्वेचे मूल्य शून्य न देता ५ लाख मीटर दिले जाते, जेणेकरून पश्चिमेकडे ऋण आकडे येऊ नयेत. त्यामुळे धुळ्याचे पूर्वमूल्य सुमारे ४ लाख ७६ हजार, तर जळगावचे सुमारे ५ लाख ५९ हजार मीटर येते. मध्यरेषेच्या जवळ प्रक्षेपणाची विकृती फारच थोडी असते (तेथे जमिनीवरचा किलोमीटर नकाशात ४० सेंटिमीटरने कमी भरतो, इतकीच), म्हणून या दोन जिल्ह्यांना यूटीएम चांगले मानवते.

मात्र राज्य एका पट्ट्यात मावत नाही. ७८ अंशांच्या पूर्वेला, म्हणजे नागपूर, वर्ध्याकडे, ४४ वा पट्टा सुरू होतो, आणि यूटीएमच्या आकड्यांत पट्ट्याचा क्रमांक लिहिलेला नसेल तर ते आकडे दोन्ही पट्ट्यांत सारखेच वैध दिसतात. नागपूरच्या कार्यालयात ४४ व्या पट्ट्यावर बेतलेल्या संगणकात जळगावची यादी भरली, तर जळगाव सहा अंश पूर्वेला सरकून छत्तीसगडमधील रायपूरच्या दक्षिणेला जाऊन पडेल.

असल्या ढोबळ चुकांचे एक बरे असते, त्या लगेच दिसतात. धुळ्याचा अक्षांश २० अंश ५४ मिनिटे आहे. अंशाचे ६० भाग असतात हे विसरून कोणी तो २०.५४ असा लिहिला आणि रेखांशाचेही तसेच केले, तर धुळे शहर चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला, मालेगावच्या पश्चिमेस काही किलोमीटरवर उगवते. खरा दशांश आकडा २०.९० आहे. अक्षांश आणि रेखांशाचे रकाने उलटे भरले, तर जळगाव नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात बुडते. या चुका पाहणारा हसतो आणि दुरुस्त करतो. सव्वाशे मीटरांच्या चुकीवर मात्र कोणी हसत नाही, कारण गाव तेच दिसते, नदी तीच दिसते आणि रस्ता थोडासा बाजूला असतो. म्हणूनच ती वर्षानुवर्षे टिकते.

जुने पत्रक आजच्या पद्धतीत आणण्याची रीत अवघड नाही, पण तिचा क्रम पाळावा लागतो. पत्रकाच्या चारही कोपऱ्यांवर आणि मधल्या जाळीवर अक्षांश-रेखांश छापलेले असतात. स्कॅन केलेले चित्र प्रथम त्या आकड्यांना एव्हरेस्टच्या डेटममध्येच बांधावे, आणि मगच संपूर्ण पत्रकाचे डब्ल्यूजीएस-८४ मध्ये रूपांतर करावे. येथे सर्वाधिक होणारी गफलत अशी की संगणकप्रणालीत ‘पद्धत नेमून देणे’ आणि ‘पद्धतीत रूपांतर करणे’ या दोन वेगळ्या आज्ञा असतात. पहिली आज्ञा फक्त आकड्यांवरचे नाव बदलते, आकडे तेच राहतात. दुसरी नवे आकडे गणिताने काढते. कापडाच्या ठाणावरची वारची चिठ्ठी काढून मीटरची लावली म्हणून कापड वाढत नाही, तसेच हे आहे. आणखी एक सापळा म्हणजे यादीत एव्हरेस्टच्या नावाचे अनेक एलिप्सॉइड आढळतात. मूळ आकडे फुटांत होते आणि भारतीय फुटाचे मीटरमध्ये रूपांतर वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या गुणकांनी झाले, त्यामुळे त्यांच्या त्रिज्यांत २५ मीटरांपर्यंत फरक पडला. जी रूपांतर-मूल्ये वापरायची, त्यांच्यासोबतचाच एलिप्सॉइड निवडणे हाच यावरचा उपाय आहे. ईपीएसजी नावाच्या जागतिक सूचीत प्रत्येक पद्धतीला क्रमांक दिलेला आहे. डब्ल्यूजीएस-८४ चे अक्षांश-रेखांश ४३२६, त्याचेच ४३ व्या पट्ट्यातील यूटीएम ३२६४३. नावांपेक्षा हे क्रमांक लिहिणे अधिक सुरक्षित असते.

गणित झाल्यावर जमिनीवर पडताळणी करावीच लागते. त्यासाठी जुन्या पत्रकावर ओळखू येणारी आणि आजही जागेवर असलेली ठिकाणे निवडावीत: रेल्वेचे फाटक, जुना दगडी पूल, दोन रस्त्यांची चौफुली, त्रिकोणमितीय स्थानाचा दगड. नदीचे वळण किंवा गावाची कड निवडू नये, कारण तापी आणि गिरणा आपले काठ बदलतात आणि गावे वाढतात. ही ठिकाणे पत्रकाच्या चारही बाजूंना पसरलेली असावीत. सगळी एकाच गावात घेतली, तर तेथे जुळलेला नकाशा दुसऱ्या टोकाला वळलेला राहू शकतो. अर्थात छापील रेषा अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर ती जमिनीवर २५ मीटर झाली, आणि टोपोशीटकडून त्याहून बारीक अचूकतेची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे.

गावनकाशांची गोष्ट आणखी निराळी आहे. शेतसाऱ्यासाठी झालेली मोजणी खानदेशाला सुखाने स्वीकारता आली नाही. १८५२ साली सावदा, रावेर आणि चोपडा या भागांत शेतकऱ्यांनी तिच्याविरुद्ध उठाव केला आणि तो मोडण्यासाठी फौज आणावी लागली. नंतर पुरी झालेली ही मोजणी ३३ फुटांची साखळी आणि तिचे सोळा आणे या मापाने केलेली होती, आणि ३३ फूट चौरसाचा गुंठा आजही व्यवहारात आहे. या नकाशांवर शेतांचे आकार आणि शेजार नेमका आहे, पण अक्षांश-रेखांश मुळीच नाहीत. त्यांना डेटमच नसल्यामुळे कोणतेही तयार सूत्र लावता येत नाही. बांधांचे कोपरे आणि हद्दीचे दगड उपग्रहाधारित उपकरणाने मोजून, त्यांवर नकाशा बसवावा लागतो. भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीत आता सतत चालू असणाऱ्या संदर्भ-केंद्रांच्या जाळ्याचा वापर होतो, ज्यामुळे काही सेंटिमीटरपर्यंत अचूकता मिळते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे ड्रोनने चित्रण होते तेही अशाच संदर्भांवर. इतक्या बारीक मोजणीत आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते: भारतीय भूपट्ट दर वर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, म्हणून मोजणीची तारीखही नोंदवणे भाग पडते.

पडद्यावरच्या नकाशांबाबत दोन बारीक सूचना. मोबाइलवर दिसणारे बहुतेक नकाशे वेब मर्केटर प्रक्षेपणात असतात, जे दिशेला सोयीचे पण अंतराला फसवे आहे. खानदेशच्या अक्षांशावर त्यात लांबी सुमारे सात टक्क्यांनी फुगते. धुळे ते जळगाव सरळ रेषेतले अंतर सुमारे ८४ किलोमीटर आहे, तेच त्या सपाट आकड्यांवरून मोजल्यास ९० भरते, आणि वाहनाचे भाडे किंवा इंधन अशा आकड्यांवर ठरवले तर कोणाच्या तरी खिशाला चाट बसते. दुसरी सूचना उंचीची: जीपीएस मुळात एलिप्सॉइडपासूनची उंची देते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे, आणि या भागात दोहोंत पन्नास मीटरांहून अधिक फरक आहे. तापीच्या पूररेषेचे काम करणाऱ्याला हा फरक विसरून चालत नाही.

हे सर्व टाळण्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे. वाहनमागोव्याचे किंवा नकाशाचे काम देणाऱ्या नगरपालिका, आगार, साखर कारखाना किंवा महसूल कार्यालयाने कंत्राटाच्या अटींत एवढेच लिहावे की प्रत्येक यादी आणि प्रत्येक नकाशासोबत डेटम, प्रक्षेपण, पट्ट्याचा क्रमांक, ईपीएसजी क्रमांक आणि मोजणीची तारीख दिलेली असेल, आणि जिल्ह्याच्या चारही बाजूंच्या निदान चार ओळखीच्या ठिकाणी जमिनीवर पडताळणी करून तिचे आकडे जोडलेले असतील. ही माहिती नसलेला नकाशा स्वीकारू नये.